बाळंतिणीची खोली की अभ्यासिका?

प्रश्न : आमचा गंगापूर रोडला फ्लॅट आहे. सासऱ्यांच्या माघारी त्यांची सहाशेच्या वर पुस्तकं आणि सागवानी टेबल १० बाय ११ च्या खोलीत लावायचं आहे. मला भिंती बाटलीहिरव्या हव्यात. सासूबाई म्हणतात, "बाळंतिणीची खोली करून ठेवशील." एकच भिंत रंगवून भागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत देते, बाटलीहिरवी जेमतेम ५ ते १०. छताजवळच्या एका ट्यूबलाइटवर विसंबलात तर भिंती सगळा उजेड गिळून बसतील, वर त्या निळसर झोतात हिरवा शेवाळल्यासारखा दिसेल. म्हणून खोलीभर लख्ख उजेडाचा हट्ट सोडा. पुस्तक जिथे उघडणार तिथे तो हवा. एक दिवा टेबलावर, एक खुर्चीमागे, एक कपाटाच्या माथ्यावर. बल्बच्या खोक्यावर २७०० के (2700K, केल्विन; उजेडाच्या रंगाचं माप) बघून घ्या, म्हणजे उजेड पिवळसर पडेल. सागवान अशाच उजेडात खुलतं.

एकच भिंत? मुळीच नको. पंचवटीतल्या माझ्या पहिल्या घरात मी एकच भिंत जांभळी केली होती. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "बाकीचा रंग कधी लागणार?" चारही रंगवा, चौकटीसकट. दोन तर कपाटांखाली झाकल्याच जाणार आहेत. छत तेवढं सायीच्या रंगाचं ठेवा.

पण डबा उघडण्याआधी पश्चिमेची भिंत हाताने चाचपा. आपला पाऊस तिकडूनच झोडपतो. ओल असेल तर आधी बाहेरून बंदोबस्त करा. पांढऱ्या भिंतीवर लोणा लपतो, हिरव्यावर पहिल्याच श्रावणात उठून दिसेल. कपाटंही भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, नाहीतर पुस्तकांना बुरशी धरेल.

रंगाऱ्याला राखाडी छटेचा प्राइमर मारायला सांगा, नाहीतर तीन हातांनंतरही खालचा पांढरा डोकावतो. फिनिश मॅट घ्या, पुट्टीचे उंचवटे दिसत नाहीत. मात्र खुर्चीची पाठ घासली की पांढुरका पट्टा उमटतो, तेव्हा उरलेला डबा टाकू नका.

आणि सासूबाईंशी वाद घालत बसू नका. मोठ्या पुठ्ठ्याला दोन हात मारा, टेबलामागे उभा करा, आणि रात्री जेवणं उरकल्यावर दिवा लावून त्यांना तिथे पेपर वाचायला बसवा.