दिवसभर माइकसमोरच बसायचं असतं का?

प्रश्न : ताई, मी गोव्यातल्या डिचोलीची, एमए मराठी झालंय. फोंड्याच्या एका छोट्या कंपनीने बोलावलंय, इंटरनेट रेडिओ चालवतात आणि पुस्तकंपण काढतात, सगळी मिळून सहा माणसं. बाबा म्हणतात सरकारी नोकरीचे फॉर्म भर, हे असलं टिकत नाही. तुम्ही अशाच ठिकाणी काम करता म्हणून विचारते, दिवसभर करायचं काय असतं? माइकसमोर बोलायचं?

उत्तर : अगो, माइकसमोर आठवड्यात तीन तास बसायला मिळालं तर देवाला नारळ ठेव. बाकीचा वेळ फोन, प्रुफं आणि खोकी उचलणं. आमचा स्टुडिओ म्हणजे आतली खोली, भिंतींना गाद्या आणि आईच्या जुन्या गोधड्या लावल्यात, रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, मग मे महिन्यात आत बसून बघ. पावसात पंख्याचा प्रश्न नाही पण वर पत्रा आहे, त्यामुळे सरी-सरींच्या मधे रेकॉर्डिंग करतो, आणि पाहुणे नेमके रंगात आले की बाहेर पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजतो. आता तो भोंपू कधीकधी तसाच ठेवते मी, दुबईतल्या ऐकणाऱ्यांना तेवढ्यावर रडू येतं म्हणे. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घे, प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी अर्धा मिनिट कोणी न बोलता खोलीचा नुसता आवाज भरून ठेवायचा, एडिटिंगमधे वाक्य कापलं की मधली फट त्यानेच बुजवता येते. आणि चहा आला तरी रेकॉर्डिंग बंद करू नको (पाहुण्यांना तसं सांगून ठेव), जत्रेतल्या नाटकात चाळीस वर्षं कामं केलेला माणूस माइकसमोर भाषण करतो आणि खरी गोष्ट चहा पिताना सांगतो.

पुस्तकांचं काम वेगळंच. जुनी हस्तलिखितं श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधे टाइप केलेली येतात, आताच्या युनिकोडमधे बदलली की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, मग ओळ न् ओळ वाचायची. छपाई फर्म्यावर चालते, आमच्याकडे सोळा पानांचा एक फर्मा, १६० पानं झाली की दहा फर्मे बरोब्बर, पण १६३ झाली की अकराव्या फर्म्याचा खर्च आणि तेरा पानं कोरी. मग लेखकाला फोन करायचा की तीन पानं कमी करा, आणि ते म्हणणार मनोगत सोडून कायपण कापा. नेमकं मनोगतच लांब असतं!

गंमत सांगते. आमचं एक पुस्तक बेळगावहून छापून येत होतं, रविवारी प्रकाशन, आणि चोर्ला घाटात झाड पडून टेम्पो अडकला. हातात फक्त दोन आगाऊ प्रती. आम्ही काय केलं, जुन्या डायऱ्या पेपरात गुंडाळून ताटात रचल्या आणि वरती त्या दोन खऱ्या प्रती. अध्यक्षांनी मेली तिसरीच उचलली आणि माइकवर उघडायला लागले! लेखक हसले म्हणून निभावलं. ज्यांनी पैसे भरले होते त्यांची पत्त्यांची यादी केली आणि पुढचा आठवडाभर मी स्कूटरवरून पुस्तकं वाटत फिरत होते, वाळपईपर्यंत.

बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही. आमचा पगार कधी एक तारखेला होतो, कधी दहाला. वीसपेक्षा कमी माणसं असली की पीएफ सक्तीचा नसतो, म्हणून ते आधीच विचार, आणि अपॉइंटमेंट लेटर हातात घेतल्याशिवाय जाऊ नको, तोंडी बोलण्यावर तर मुळीच नको. सरकारी फॉर्म भरत राहा, त्याने काय बिघडत नाही. मीपण दोन वर्षं भरले.

प्रश्न : कवितासंग्रहासाठी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) काढून देतो म्हणून एकाने पाच हजार मागितले. द्यावे का? (एक वाचक, साखळी)

उत्तर : देऊ नका. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. कागदपत्रं अपलोड करायला भाच्याला बसवा आणि पाच हजारांचा चांगला कागद घ्या.

प्रश्न : तुमचा रेडिओ मोबाइलवरच का, एफएमवर का नाही? आणि जुनी सिनेमाची गाणी का लावत नाही? आमच्या वेळी आकाशवाणी पणजीवर किती लागायची. (एक काका, पेडणे)

उत्तर : काका, खाजगी एफएमची फ्रिक्वेन्सी लिलावात घ्यावी लागते, ती आमच्या ऐपतीबाहेर. कम्युनिटी रेडिओ स्वस्तात होतो, १०० वॅटचा, दहा-पंधरा किलोमीटर जाणारा, पण तो कॉलेजांना, ना-नफा संस्थांना वगैरे मिळतो, कंपनीला नाही. आणि गाण्याचं म्हणाल तर एकाच गाण्यात दोन-दोन हक्क. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी आणि संगीतकार गेल्यावरही पुढची ६० वर्षं चालतो. म्हणजे रेकॉर्ड जुनी झाली तरी गाणं मोकळं होत नाही. पैसे भरून लावता येतं, पण त्या पैशात आमचं एक पुस्तक निघतं.

म्हणून आम्ही गावागावातली भजनं, चवथीच्या आरत्या असलं भरून आणतो, मंडळाकडून लेखी परवानगी घेऊन. तुमच्याकडची आरती असेल तर जरूर पाठवा काका, फक्त मोबाइल घुमटाच्या (आरतीत वाजवतात त्या मातीच्या वाद्याच्या) तोंडासमोर ठेवू नका, आवाज फाटतो. दारापाशी ठेवा.