औद्योगिक प्रकल्पासाठी कमिशनिंग सॉफ्टवेअर (बांधून झालेली यंत्रणा तपासून सुरू करण्याच्या कामाची नोंद ठेवणारं) निवडताना नेमकं काय पाहावं?

सगळ्यात आधी, नेटवर्क नसताना ते टॅबवर चालतं का ते बघा. पंप हाउसच्या तळघरात, केबल गॅलरीत रेंज मिळत नाही. मग माणसं चेकशीट कागदावर भरतात आणि संध्याकाळी ऑफिसात टाइप करतात. अशा नोंदींतल्या तारखांवर विश्वास ठेवता येत नाही.

दुसरं, रचना. बांधकाम एरियानुसार चालतं, कमिशनिंग सिस्टिमनुसार, म्हणजे एकत्र चालणाऱ्या यंत्रणेनुसार. कूलिंग वॉटर सुरू करायचं तर त्यातला प्रत्येक पंप, व्हॉल्व्ह, ट्रान्समीटर टॅग नंबरने (प्रत्येक उपकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) त्या सिस्टिमला जोडलेला हवा. लूप चेक (उपकरणापासून कंट्रोल रूमपर्यंतच्या सिग्नलची तपासणी), मेगर टेस्ट (विजेच्या इन्सुलेशनची), हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने पाइपची) यांपैकी काय कुठे अडलंय ते लगेच दिसायला हवं. सुरक्षिततेला धोका असलेला पंच पॉइंट (तपासणीत नोंदवलेलं अपुरं किंवा सदोष काम) उघडा असेल तर सिस्टिम पुढे सरकूच नये. ही अडवणूक जमत नसेल तर ते सॉफ्टवेअर घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

इमारतींच्या कामासाठी सीएक्सअलॉय, रिफायनरीसारख्या प्लांटसाठी हेक्सागॉनने बाजारात आणलेलं स्मार्ट कम्प्लीशन्स बघण्यासारखं आहे. शे-दोनशे टॅगचं काम असेल तर नीट बांधलेली एक्सेल पुरते.

डेमोला व्हेंडरचा नमुना नको, तुमचीच एक सिस्टिम चढवायला सांगा. प्रकल्प संपल्यावर सगळा डेटा बाहेर काढून मिळेल, हेही करारात लिहून घ्या.