स्टार ट्रेकसारख्या अंतराळ-मालिकांत कॅप्टन ‘सगळी पॉवर शील्डकडे (जहाजाभोवतीच्या संरक्षक कवचाकडे) वळवा’ म्हणतो तेव्हा इंजिनरूमवाला ‘जमणार नाही, वेळ लागेल’ म्हणून रडत का असतो? खऱ्या पॉवर प्लांटमध्ये पॉवर अशी वळवता येते का?

‘रडत’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. नागपूरजवळच्या एका औष्णिक वीज केंद्रात कंट्रोल रूमच्या डेस्कवर माझं नोकरीचं आयुष्य गेलं आहे आणि हा शब्द मी तोंडावर ऐकलेला आहे.

आधी तुमचं उत्तर. पॉवर वळवता येत नाही, कुणाची तरी बंद करता येते. जनरेटर जेवढी वीज करतो तेवढी त्याच क्षणी कुठेतरी खपते. शील्डला जास्त हवी तर दुसऱ्या कुणाचा ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, पाडा. आपण त्याला लोडशेडिंग म्हणतो, कॅप्टन म्हणत नाही एवढंच. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या फार खाली गेली की अंडर-फ्रिक्वेन्सी रिले नावाची आपोआप चालणारी उपकरणं कुणालाही न विचारता फीडर, म्हणजे वस्त्यांना वीज नेणाऱ्या लाइनी, पाडतात. ते पुरेसे पडले नाहीत की काय होतं, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला निम्म्या देशाने अंधारात बसून पाहिलं. आपला पश्चिम विभाग तगला म्हणून नागपूरकरांना त्याचं फारसं काही वाटलं नाही.

अंतराळातलं खरं उदाहरण हवं असेल तर चंद्राकडे निघालेलं अपोलो १३ यान बघा, एप्रिल १९७०. ऑक्सिजनची टाकी फुटली, वीज मोजून वापरायची वेळ आली. परतताना बंद ठेवलेलं कमांड मॉड्यूल, म्हणजे ज्यात बसून पृथ्वीवर उतरायचं ती कुपी, पुन्हा चालू करायचं होतं. कोणतं उपकरण कोणत्या क्रमाने लावायचं हे ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात जॉन एरन आणि मंडळींनी अँपिअरचा हिशोब घालत ठरवलं. हुकूम सोडून ते झालं नसतं.

आता रडण्याचं.

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. या दिवसांत कूलिंग वॉटर गरम, वाफेचं पाणी करणाऱ्या कंडेन्सरचं व्हॅक्यूम पडलेलं, त्यामुळे आमचं २१० मेगावॅटचं युनिट तसंही पूर्ण लोड ओढत नाही. आणि नेमकी तेव्हाच गावातल्या झाडून सगळ्या कूलरना वीज हवी. बॉयलरला पाणी देणारे फीड पंप तीन, त्यातले दोन चालवायचे आणि एक स्टँडबाय. त्या रात्री स्टँडबाय मेंटेनन्सने खोलून ठेवलेला. आणि चालू असलेल्या दोघांपैकी एकाच्या बेअरिंगचं तापमान चढायला लागलं. खाली आमचा जुना ऑपरेटर होता. हाउसिंगला उलटा हात लावून आला आणि फोनवर म्हणाला, “भाऊ, हा जाते आता. आवाज बदलला त्याचा.”

साहेब डेस्कमागे येऊन उभे. कानाला मोबाईल, पलीकडे त्यांच्याहून मोठे साहेब. “अर्धा तास ओढ, पीक जाऊ दे.” मी म्हटलं, साहेब, लोड निम्म्यावर आणतो आणि पंप काढतो. आपणहून काढला तर शंभरेक मेगावॅट जातील. भरल्या लोडवर तो स्वतः गेला तर बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची लेव्हल बघता बघता पडेल, बॉयलर आपोआप बंद (ट्रिप) होईल आणि सगळंच जाईल. तर म्हणाले, “काहून रे, रडून राहिला का? रोजच चालते तो पंप.”

मी लोड उतरवला. आग टिकावी म्हणून तेलाच्या ऑइल गन लावल्या, कोळसा दळणारी एकेक मिल काढली, मग पंप बंद केला. लॉगबुकात वेळ टाकून लिहिलं: बेअरिंग तापमान ८७, पंप काढला, वरिष्ठांना सांगितलं, वरिष्ठांचं म्हणणं अर्धा तास थांबण्याचं. हे शेवटचं वाक्य साहेबांना फार लागलं.

सकाळी पंप खोलला तर बेअरिंगच्या आतला मऊ धातू (व्हाइट मेटल) वितळून शाफ्टला फासलेला. दुरुस्तीला मी आणि मेंटेनन्सवाल्याने आठ तास सांगितले होते, साहेबांनी वर चार सांगितले. लागले साडेसात. आणि मीटिंगमध्ये निघालं काय, तर “हे लोक वेळ वाढवूनच सांगतात.” अर्धा तास वाढवून! चार सांगणाऱ्याला कुणी ब्र विचारला नाही.

त्यामुळे स्टार ट्रेकमधला इंजिनिअर स्कॉटी १९८४ च्या सिनेमात दुरुस्तीचा अंदाज चौपट करून सांगतो असं कबूल करतो, तेव्हा लोक हसतात, मला हसू येत नाही. जो कॅप्टन सांगितलेल्या वेळेतली अर्धी कापूनच ऐकतो, त्याला दुसरा कसला इंजिनिअर मिळणार? १९९२ च्या एका भागात पुढच्या पिढीचा इंजिनिअर जॉर्डी कॅप्टनला खरा वेळ सांगून टाकतो आणि म्हातारा स्कॉटी त्याला वेड्यात काढतो. मी जॉर्डीच्या बाजूचा, कारण त्याच्या कॅप्टनला खरं ऐकायची सवय आहे. आमच्या साहेबांना नव्हती.

नाटकीपणाबद्दल म्हणाल तर तो इंजिनरूमवाल्याकडे नसतो, ब्रिजवर, म्हणजे कॅप्टन बसतो तिथे, असतो. गोळा लागला की कन्सोल फुटून माणूस उडतो, हा काय प्रकार आहे? आमच्या पॅनेलवर ४ ते २० मिलिअँपिअरचे, म्हणजे अगदी बारीक प्रवाहाचे, सिग्नल येतात. ६.६ केव्हीचा (६,६०० व्होल्ट) दाब तिकडे स्विचगिअर रूममध्ये, भिंतीपलीकडे. म्हणे त्यांच्या एंटरप्राइज जहाजात प्लाझ्मा, म्हणजे भयंकर तापलेला वायूच, थेट कन्सोलपर्यंत आणलाय. ते ड्रॉइंग पास कुणी केलं, त्याला आधी बोलवा.

२००९ च्या सिनेमात इंजिनरूम म्हणून बिअरच्या कारखान्यात शूटिंग केलं, त्यावर चाहते नाराज झाले. मला मात्र तीच खरी वाटली. पाईप, व्हॉल्व्ह, ओली फरशी. चकाचक गालिचा घातलेल्या इंजिनरूममध्ये कुणी काम करत असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

तुम्ही अशा कुठे नोकरीला लागणार असाल तर एवढं करा. तोंडी हुकूम आला की हुकूम देणाऱ्यासमोरच लॉगबुकात लिहा, वेळेसकट. निम्मे हुकूम तिथेच मागे घेतले जातात. आमचे साहेब निवृत्त झाले, अजूनही लग्नाकार्यात भेटले की “तेव्हा घाबरला होता हा” म्हणून सांगतात. साहेब, ते लॉगबुक अजून रेकॉर्डला असेल, काढून बघा.

हां, एक राहिलं. ‘वळवता येत नाही’ हे वर जरा जास्तच ठासून लिहिलं. अमेरिकन नौदलाच्या झुमवॉल्टसारख्या जहाजात प्रोपेलर आणि बाकी सगळं एकाच वीजव्यवस्थेवर चालतं, त्यामुळे वेग कमी केला की उरलेली वीज दुसरीकडे देता येते. म्हणजे तुमचा कॅप्टन अगदीच चुकीचा नाही. पण एकूण मिळून ७८ मेगावॅटच, आमच्या एका युनिटच्या निम्मेही नाहीत. आणि माझा अनुभव कोळशाचा. जहाजावर किंवा अणुभट्टीवर काम केलेलं कुणी असेल तर त्यांनी लिहावं, मलाही वाचायचं आहे.