वारस नोंदीचे 6,000 देऊ नका, आणि भावानं दिलेल्या 2,000 चं आजच बघा

ताई, वारस नोंदीसाठी मागितलेले पैसे द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. पण भावानं पैसे दिल्याची, प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलेली गोष्टच सगळ्यात निकडीची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. वडील जाऊन आठ महिने झाले. करवीर तालुक्यातल्या 32 गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर आईचं आणि तुम्हा भावंडांचं नाव अजून लागलेलं नाही. तलाठी ऑफिसात बसणारा एक बाहेरचा माणूस 6,000 मागतोय आणि भावानं मंगळवारी त्यातले 2,000 देऊनही टाकलेत. आज शनिवार आहे.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र ज्याला पैसे द्यायला भाग पाडलं गेलं, त्यानं दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर हे कलम त्याला लागत नाही. तुमच्या भावाचे ते सात दिवस मंगळवारी संपतात. त्यामुळं बाकीचं नंतर वाचा, आधी 1064 ला फोन लावा. हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर आहे. फोनवर थांबू नका, लेखीही द्या आणि पोच घ्या. कधी, कुठं, कुणी, काय शब्दांत मागितले आणि भावानं किती दिले, एवढं साध्या मराठीत लिहिलं तरी पुरे.

आता तुमचा मूळ प्रश्न, पैसे द्यावेत का. "सगळेच देतात, देऊन टाकू आणि मोकळं होऊ" असं भाऊ म्हणतो. त्याचा राग मला येत नाही. नाव लागल्याशिवाय सोसायटीचं पीक कर्ज अडतं, कारखान्याकडं उसाची नोंद अडते, आई रोज विचारते. हेलपाटे मारून माणूस थकतो आणि 6,000 रुपये आठ महिन्यांच्या त्रासापुढं कमी वाटायला लागतात. हे सगळं मागणाऱ्याला ठाऊक असतं. तो काम करण्याचे पैसे मागतच नाही, अडवणूक थांबवण्याचे मागतो.

वारस नोंदीचं काम आहे तरी केवढं? मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज. वारस नोंदवहीत नोंद होते, मग फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) धरला जातो, हितसंबंधितांना 15 दिवसांची नोटीस निघते, हरकत आली नाही की मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या करता येतो. फेरफाराची नोटीस 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला 15 रुपये लागतात. यात 6,000 कुठंच बसत नाहीत. तुमची नोटीस निघाली का, हे आज रात्रीच चावडीवर बघा. निघाली नसेल, तर अर्ज कुठल्या टेबलावर पडून आहे ते उघड आहे.

आपल्या कोल्हापुरात या गोष्टीचा मला जास्त त्रास होतो, त्याला कारण आहे. गावचं दप्तर पूर्वी वतनदार कुलकर्ण्यांकडं असायचं, बापाकडून मुलाकडं जायचं, जणू घरचीच मालमत्ता. शाहू महाराजांनी 1918 साली ती कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. दप्तर सरकारचं, लिहिणारा नोकर, आणि त्याचा पगार ठरलेला, एवढाच त्यामागचा विचार. शंभर वर्षांनी त्याच संस्थानच्या गावांत एखादा माणूस ते दप्तर पुन्हा स्वतःच्या मालकीचं समजून भाड्यानं द्यायला लागला, तर ते नुसते 6,000 रुपये राहत नाहीत. (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक तलाठीच म्हणतात, मीही तेच म्हणतो.)

पैसे मागणारा तुमच्या म्हणण्याप्रमाणे सरकारी नोकर नाहीच. त्याला आपल्याकडं 'झिरो तलाठी' म्हणतात. हजेरीपटावर नाव नाही, पण शिक्के, रजिस्टर आणि कधीकधी लॉगिनही त्याच्या हातात. खरे तलाठी साहेब हात स्वच्छ ठेवतात, हा गोळा करतो. यामुळं साहेब सुटतील अशी तुमची समजूत दिसते, ती काढून टाका. लोकसेवकानं लाच स्वतः घेतली की दुसऱ्यामार्फत, यानं कायद्याला फरक पडत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षं. आणि सरकारी माणसावर वजन वापरून काम करून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या बाहेरच्या माणसालाही तेवढ्याच शिक्षेचं वेगळं कलम आहे. फक्त मागणीची दोरी साहेबांपर्यंत पोचलेली दिसायला हवी. म्हणून पुढच्या खेपेला थेट साहेबांना भेटा आणि "आमच्या अर्जाचं काय झालं?" एवढंच विचारा. पैशाचा विषय तुम्ही काढू नका. काढायचा तर त्यांना काढू दे.

मी 31 वर्षं सरकारी नोकरी केली आणि एकदा लाच घेताना पकडायच्या सापळ्यात पंच (साक्षीदार) होतो, म्हणून हे आतून सांगतो. पंच दुसऱ्या खात्यातले कर्मचारी असतात. वरिष्ठांचं पत्र आलं आणि सकाळी सात वाजता आम्ही दोघं हजर झालो. तक्रारदार साठीचा शेतकरी, धुवट सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीत 500 च्या पाच नोटा. दहा दिवसांचं दुधाचं बिल होतं ते. एकेका नोटेचा नंबर मोठ्यानं वाचून पंचनाम्यात लिहिला. मग हवालदारानं नोटांना पांढरी पावडर लावली, फिनॉल्फ्थॅलीन. नुसती बघितली तर काहीच कळत नाही. काचेच्या ग्लासात सोडियम कार्बोनेटचं पाणी केलं, पावडर लागलेली बोटं त्यात बुडवली आणि पाणी गुलाबी झालं. नोटा हवालदारानंच म्हाताऱ्याच्या खिशात सरकवल्या. "मागितल्याशिवाय हात लावायचा नाही, कुणाच्या हातात हात द्यायचा नाही," असं तीन वेळा बजावलं. म्हातारा मान हलवत होता, पण त्याचे गुडघे थरथरत होते. मी त्याचा मेव्हणा म्हणून सोबत गेलो.

आत त्या ऑफिसातल्या साहेबांनी वर न बघताच विचारलं, "आणलंस? राहिलेलं कधी?" एवढंच. हे शब्द माझ्या कानानं ऐकले आणि पुढं सगळं त्या शब्दांवर उभं राहिलं. साहेबांनी नोटा मोजल्या आणि ड्रॉवरमध्ये टाकल्या. म्हातारा बाहेर येऊन टॉवेलनं तोंड पुसू लागला, ती खूण होती. पाच मिनिटांत साहेबांची बोटं ग्लासात होती आणि पाणी गुलाबी. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही. पण म्हाताऱ्यानं भिंतीला टेकून सोडलेला श्वास जास्त लक्षात आहे.

चार वर्षांनी साक्ष झाली. उलटतपासणीत वकिलानं मला दीड तास घासलं. शब्द नेमके काय होते, खोलीत पंखा चालू होता का, मी दारापासून किती अंतरावर होतो. मी तेच शब्द सांगत राहिलो. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. कोर्टात मागणी सिद्ध व्हावी लागते, नुसत्या नोटा सापडून भागत नाही, हे तिथं मला पक्कं कळलं. तक्रारदार वारला किंवा उलटला तरी मागणी परिस्थितीजन्य पुराव्यानं सिद्ध करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं 15 डिसेंबर 2022 ला नीरज दत्ता खटल्यात सांगितलंय. पण तुम्ही उलटू नका. गावकीतले, भावकीतले येतील, "पोराबाळांचा माणूस आहे, मिटवा" म्हणतील. त्यासाठी आत्तापासून मन घट्ट करा.

तुमच्या बाबतीत लाचलुचपत विभाग आधी मागणीची पडताळणी करेल. रेकॉर्डर देऊन पंचासोबत पाठवतील. मागणी पक्की झाली तरच सापळा लागतो. सापळ्यातली रक्कम तुम्हाला सरकारकडून परत मिळते, कुणी "पैसे गेले समजा" म्हणालं तर ऐकू नका. भावाच्या फोनवर त्या माणसाचे कॉल किंवा मेसेज असतील, तर काहीही खोडू नका, कापाकापी करू नका, मूळ फोन जपून ठेवा. आणि नातेवाइकांत चर्चा नको. सापळे फुटतात ते बहुतेक घरातूनच.

"मग आमचं काम कायमचं अडेल" ही भीती खरी असते, तिला मी हसणार नाही. माझ्या बघण्यातल्या त्या शेतकऱ्याची नोंद सव्वा महिन्यात झाली, नव्यानं आलेल्या माणसाकडून. कारण त्या फाइलकडं आता चार ठिकाणचे डोळे लागले होते. तुम्ही तेवढ्यावर विसंबू नका. तहसीलदारांना लेखी स्मरणपत्र द्या. सोबत 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका आणि तीनच गोष्टी विचारा: माझ्या अर्जावर कुठल्या तारखेला काय कार्यवाही झाली, तो सध्या कुणाकडं आहे, विलंबाचं काय कारण फाइलवर नोंदलंय. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. ज्या टेबलावर अर्ज झोपलाय, तिथं हा कागद बऱ्याचदा जाग आणतो.

सरपंचांनी गटारीचं काम स्वतःच्या भावाच्या नावावर घेतल्याचंही तुम्ही लिहिलंय. तो विषय वेगळा आहे. ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा स्वतःचा किंवा आडून हिस्सा असेल, तर तो ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 खाली अपात्र ठरू शकतो आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं करावा लागतो. पण नुसतं नातं दाखवून भागणार नाही, पैसा कुठं वळला ते कागदावर आणावं लागेल. मोजमाप वही आणि बिलांच्या नकला मिळाल्या की वेगळा प्रश्न टाका, सविस्तर लिहीन. दोन्ही भांडणं एकदम उघडू नका, नाहीतर गावात "ह्यांचं राजकारण आहे" म्हणून मोकळे होतील.

तर आत्ता फोन. मग कोऱ्या कागदावर भावाच्या हातानं तक्रार लिहून घ्या, कारण पैसे त्यानं दिलेत आणि मागणी त्यानं ऐकलीय. तुम्ही सोबत जा. अर्जाची पोच, दाखल्याची प्रत, दोघांची आधार कार्डं आणि त्याचा तो फोन चार्ज करून घ्या.