गाडी उभी राहिली की इंजिन तापते आणि धावू लागली की निवते; थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

तुमच्या प्रश्नातला तपशील असा आहे: रहदारीत अडकल्यावर तापमानाचा काटा वर चढतो, मोकळ्या रस्त्यावर तो आपोआप खाली येतो, दर आठवड्याला अर्धा लिटर पाणी घालावे लागते आणि मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच त्यातले पाणी थंड व्हायला सोडणारी झडप) काढून टाकायला सांगितले आहे. थर्मोस्टॅट कृपया काढू नका. तुमच्या वर्णनातच अर्धे निदान आहे आणि त्याचा रोख थर्मोस्टॅटकडे नाही.

गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटर (इंजिनातले गरम पाणी जिथे थंड होते ती जाळी) थंड ठेवतो; गाडी उभी राहिली की ते काम एकट्या पंख्यावर येऊन पडते. म्हणून उभ्या गाडीत चढणारा आणि धावत्या गाडीत उतरणारा काटा पाहिला की मी सर्वप्रथम पंख्यावर संशय घेतो. याउलट तुमची गाडी चढावर किंवा वेगात तापत असती, तर रेडिएटर चोंदला आहे, वॉटर पंप पाणी नीट फिरवत नाही किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही, असे मी म्हटले असते.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करा. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बंदिस्त मार्गात गरम अवस्थेत वातावरणापेक्षा साधारण 1 बार जास्त दाब असतो, त्यामुळे आतले पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि तेच पाणी त्या क्षणी उकळून तोंडावर व हातांवर उसळते. काही तास थांबावे लागले तरी चालेल, पण हा नियम मोडू नका.

आता पंखा. इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांमध्ये एसी लागताच रेडिएटरचा पंखा फिरू लागतो. तो फिरला, पण एसी बंद असताना काटा वर जाऊनही फिरत नसेल, तर मोटर ठीक आहे आणि तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर पाहायला हवी. दोन्ही वेळा तो ढिम्म राहिला, तर इंजिन बंद करून आधी फ्यूज पाहा आणि मग पंख्याचा रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) काढून त्याच डब्यातला त्याच क्रमांकाचा दुसरा रिले तिथे बसवून पाहा. तरीही पंखा हलला नाही, तर मोटरला बॅटरीचा थेट पुरवठा देऊन पाहता येतो, मात्र हे काम विजेची जोडणी कळणाऱ्यानेच करावे. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बोटे पात्यांपासून दूर ठेवा.

अर्धा लिटर पाणी जाते कुठे, हा वेगळा प्रश्न आहे आणि मला तो पंख्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण पाणी कमी झाल्यानेही उभी गाडी तापते. माझ्या गाडीत मी दोन महिने गळती शोधत होतो. होजपाइप कोरडे, खालची फरशी कोरडी, तरी टाकीतली पातळी उतरतच होती. शेवटी झाकण उलटे करून उजेडात धरले तेव्हा आतल्या रबरी कडीला नखाला जाणवेल इतकी बारीक चीर दिसली आणि तिच्याभोवती पांढरट खार साचलेला होता. दाब टिकत नव्हता आणि धावत्या गाडीत पाणी वाफ होऊन निघून जात होते. म्हणून झाकण आधी पाहा आणि बदलताना त्यावर छापलेला दाबाचा आकडा तोच असल्याची खात्री करा. त्यानंतर होजपाइपांचे जोड, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाखालचे लहानसे छिद्र पाहा. तिथे वाळलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ असेल तर पंपाचे सील गेले आहे. पायाशी गालिचा ओलसर लागत असेल आणि आत गोडसर वास येत असेल, तर हीटरचा आतला रेडिएटर गळतो आहे.

बाहेर कुठेच ओल नसेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांमधल्या सीलची) शंका घ्यावी लागते. इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणे, इंजिन गरम झाल्यावरही धुराड्यातून पांढरा धूर निघत राहणे, ऑइल दुधाळ होणे, यांपैकी एकही खूण दिसली तर गाडी चालवू नका. हे काम घरी होण्यासारखे नाही.

थर्मोस्टॅटबद्दल मनात शंका उरलीच, तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा. नाही उघडला तर नवा बसवा. तो काढून टाकल्यास इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ घेते, पेट्रोल जास्त लागते, आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून बगलेच्या वाटेनेच फिरत राहिल्याने गाडी उलट अधिक तापते.

दुरुस्तीनंतर नळाचे पाणी भरू नका, त्याचा खार आत साचतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकारचेच कूलंट घ्या, ते तयार मिश्रण नसेल तर त्यात सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा, आणि हीटर लावून इंजिन चालवत अडकलेली हवा बाहेर काढा. सांडलेले कूलंट लगेच पुसा. ते चवीला गोड पण विषारी असते आणि मांजरे-कुत्री ते चाटतात. पुढचा आठवडाभर रोज सकाळी, थंड इंजिनावर, टाकीवरच्या खुणेशी पातळी ताडून पाहा. एसी लावल्यावर पंखा फिरला की नाही, ते इथे कळवा. पुढची तपासणी त्यावरून ठरवता येईल.