लाकडाच्या सॉवर लोखंडी पाइप?

प्रश्न : फर्निचरसाठी घेतलेल्या ७ इंची सर्क्युलर सॉवर (गोल पात्याच्या विजेच्या करवतीवर) १ इंची चौकोनी लोखंडी पाइप कापला तर चालेल का?

उत्तर : नको. लाकडाची सॉ मिनिटाला ५००० च्या आसपास फेरे घेते. लोखंड कापणाऱ्या ड्राय-कट (पाणी-तेल न लावता कापायच्या) सॉचा वेग बराच कमी असतो. पाइपचा पातळ पत्रा दातांत अडकला की कार्बाइडचा (कडक पण ठिसूळ धातूचा) दात तुटून थेट तोंडाकडे उडू शकतो. ‘मग सॉवर कट-ऑफ डिस्क (लोखंड घासून कापणारी बिनदातांची पातळ चकती) चढवू’ हा उपाय त्याहून वाईट. ठिणगी गार्डमधल्या, पिशवीतल्या भुशात पडते आणि गुपचूप धुमसत राहते. मशीन कपाटात ठेवल्यावर तासाभराने धूर दिसतो. लोखंडाची पूड मोटारीत शिरते, ते वेगळंच. पाइप शिकंज्यात घट्ट आवळा, ४ इंची ग्राइंडरला १ मिमीची कट-ऑफ डिस्क लावा. गार्ड काढू नका, चष्मा घाला. ॲल्युमिनियमचं मात्र निराळं : त्यासाठीचं खास ब्लेड आणि थोडं मेण लावलं, भुसा आधी झाडला, तर तीच सॉ चालते.