गाठी दोन, नकार एकच

प्रश्न (देवगड) : यजमानांना पहाटे दरदरून घाम फुटायचा, अंधारी यायची. गूळ-पाणी दिलं की बरं वाटायचं. देवाला कौलही लावून झाला. शेवटी गोव्यात स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये दोन गाठी : पाण्याची सिरस सिस्टअडिनोमा आणि इन्सुलिनोमा. आरोग्य विम्याची पॉलिसी 2022 ची. पाण्याची गाठ 2020 च्या सोनोग्राफीत आली होती, ती आम्ही फॉर्मात लिहिली नाही. 'आधीचा आजार लपवला' म्हणून कंपनीने क्लेम नाकारला.

उत्तर : ताई, कंपनीने दोन्ही गाठींची एकच मोट बांधली आहे. ती सोडवायची. पाण्याची गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. इन्सुलिनोमा संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींत होतो, तो इन्सुलिन सोडत राहतो आणि रक्तातली साखर उतरते. पहाटेचा घाम त्याचाच. म्हणजे सोनोग्राफीत दिसली एक, ऑपरेशनला न्यायला लावलं दुसरीने. पण हे माझ्यासारख्या वकिलाने सांगून भागत नाही. ऑपरेशन कशासाठी केलं आणि इन्सुलिनोमा पहिल्यांदा कधी कळला, एवढं सर्जनकडून लेटरहेडवर लिहून घ्या. केसपेपरही मागवा. घाईत कुणी नातेवाईक 'चार-पाच वर्षांपासून त्रास आहे' बोलून जातो आणि कंपनी नेमकं तेच वाक्य पकडते.

सुलभा मोटेगावकर विरुद्ध एलआयसी (2015) या निकालात मणक्याचा आजार सांगितला नव्हता, मृत्यू हृदयविकाराने झाला. दोन्हींचा संबंध नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दावा मान्य केला. प्रकरण आयुर्विम्याचं, तरी तर्क आपल्या कामाचा.

आता दुखरी बाजू. 'पूर्वी काही तपासणी झाली का?' असा थेट प्रश्न फॉर्मात असेल आणि उत्तर 'नाही' असेल, तर कंपनी सतवंत कौर संधूचा 2009 चा निकाल पुढे करील. तो मेडिक्लेमचाच आहे, आणि त्यात आजार लपवला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नकार योग्य ठरवला. म्हणून फॉर्मची प्रत आधी मिळवा. 'एजंटने भरला' यावर भिस्त ठेवू नका, सही यजमानांचीच आहे.

प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात दाद लागली नाही, तर नकारापासून वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही (माझं नुकसान, पण खरं आहे). लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. तो पटला नाही तर ओरोसला जिल्हा ग्राहक आयोग आहेच, तिथे मुदत दोन वर्षांची. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाऊ नका.

नकाराचं पत्र पाकिटासकट जपून ठेवा. मुदत मोजताना त्यावरचीच तारीख बघतात.